पहिली ओव्हर-अंडर: २८ इंची की ३० इंची?

घोडबंदर_१२:
नमस्कार मंडळी. ठाण्यात राहतो, उंची ५ फूट ६, उजव्या हाताचा. बारा बोरचा परवाना शेवटच्या टप्प्यात आहे. आधी ट्रॅप (समोर लांब जाणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडणं) शिकायचंय, पुढेमागे स्कीट (आडव्या जाणाऱ्या तबकड्या). डीलरकडे दोन वापरलेल्या विदेशी ओव्हर-अंडर (एकावर एक दोन नळ्यांच्या बंदुका) आहेत. एक २८ इंची नळीची, चोक (छऱ्यांचा फैलाव ठरवणारा नळीच्या तोंडाचा आवळ भाग) बदलता येणारी. दुसरी ३० इंची, चोक पक्के, वरच्या नळीला फुल, म्हणजे खूप आवळ. कोणती घ्यावी, आणि बघताना काय तपासावं?

ऐरोलीकर:
ट्रॅप आधी असेल तर ३० इंची. लांब नळीचा झोका एकसारखा जातो, मध्येच थांबत नाही. आणि फुल चोकला घाबरू नका. खालची नळी आधी उडते, तिचा चोक थोडा मोकळा असतो. वरची दुसऱ्या गोळीसाठी, तोवर तबकडी लांब गेलेली असते. स्कीटला मात्र ही बंदूक निरुपयोगी, कारण तिथे तबकडी साधारण २० मीटरवर फोडायची असते आणि फुल चोकचा फैलाव तिथे ताटलीएवढाच राहतो.

पण इंचांच्या आधी दस्ता (खांद्याला लागणारा लाकडी भाग) बघा. बंदूक रिकामी आहे याची खात्री करा, डोळे मिटून खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. रिबच्या (नळीवरच्या पट्टीच्या) मधोमध बीड (टोकाचा मणी) दिसायला हवा, आणि ट्रॅपसाठी रिबचा पृष्ठभाग थोडासा दिसला पाहिजे. नुसता बीड आणि पुढे लीव्हरचा (बंदूक उघडायच्या वरच्या खटक्याचा) मागचा भाग दिसत असेल तर कोंब (दस्त्याची गाल टेकवायची वरची कड) खाली आहे. नाक आणि अंगठा यांत दोन बोटांचं अंतर हवं. नाक अंगठ्यावर आपटत असेल तर दस्ता आखूड. डावा डोळा प्रबळ असेल तर ते आधी शोधा, नाहीतर प्रत्येक गोळी बाजूला जाईल आणि दोष बंदुकीला जाईल.

कोंब खाली असेल तर थेट रंधा-करवत नको. पुठ्ठ्याच्या पट्ट्या टेपने चिकटवून बघा. ३ मिमी वाढवलं की ३६ मीटरवर छऱ्यांचा मध्य साधारण १० सेंमी वर सरकतो.

खारघर_नेमबाज:
वापरलेली असल्याने हेही बघा. पुढचा लाकडी भाग काढा, बंदूक बंद करून मुठीला धरा आणि नळ्या आडव्या हलवा. टकटक जाणवली तर बिजागर झिजलंय. वरचा लीव्हर बंद असताना मध्यरेषेच्या उजवीकडे असेल तर चांगलं, डावीकडे गेला असेल तर खूप वापर झालाय. नळ्या एका दोरीला टांगून बोटाने ठोका. घणघण वाजायला हव्यात, भदभद आवाज म्हणजे रिब सुटलीय. आतून उजेडाकडे धरून पाहा, कड्यांची सावली तुटली तर तिथे चेंबलंय.

एकच चाप असेल तर तो यांत्रिक आहे की पहिल्या गोळीच्या धक्क्यावर चालणारा, विचारा. धक्क्यावरच्यात पहिलं काडतूस फुसकं निघालं तर दुसरी नळी आपोआप तयार होत नाही. चाप स्नॅप कॅपवर (नकली काडतुसावर) तपासा, रिकाम्या नळीवर नाही. चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) ७० मिमी आहे हे खुणेवरून वाचा. ६५ मिमीच्या जुन्या चेंबरमध्ये ७० मिमी काडतूस बसतं खरं, पण उडताना तोंड उघडायला जागा नसते आणि दाब वाढतो.

बदलता येणारे चोक असतील तर प्रत्येक फिरवून बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ग्रीसशिवाय सोडलेला चोक ऑक्टोबरात पान्याला दाद देत नाही.

घोडबंदर_१२:
आभार. डीलर म्हणतोय, आजच घरी नेऊन लावून बघा.

ऐरोलीकर:
परवाना हातात नसताना नेऊ नका, एक तासासाठीही नाही. तपासणी दुकानातच. परवाना आल्यावर नळी आणि मुख्य भाग यांवरचा नंबर जुळतोय का, आणि तोच परवान्यावर चढतोय का, स्वतः वाचा. मग आयुक्तालयाच्या परवाना शाखेत दाखवायची. काडतुसांची एकावेळची आणि वर्षाची मर्यादा परवान्यावरच असते. ट्रॅपची एक फेरी २५ तबकड्यांची, प्रत्येकीवर दोन गोळ्यांची मुभा, तेव्हा हिशेब आधीच मांडा. सरावाला २४ ग्रॅम छऱ्यांचंच काडतूस घ्या, स्पर्धेतही तेवढंच चालतं.

खारघर_नेमबाज:
आणि फोमच्या पिशवीत ठेवू नका. ओल धरते, दुसऱ्या आठवड्यात गंज.