शब्दचर्चा : चिपच्या तापमानाचं ‘संनियंत्रण’?

भाषांतरवाली
गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सवरची एक प्रशिक्षण-पुस्तिका मराठीत करते आहे. वाचणारी मुलं आयटीआय झालेली, काम चाचणीच्या टेबलावर. मूळ इंग्रजीत रेग्युलेटरच्या चिपचं तापमान ‘मॉनिटर’ करा, असं आहे. आधीच्या मसुद्यात वाक्य आहे : ‘वाहनातील विद्युतदाब नियंत्रकाच्या चकती-तापमानाचे संनियंत्रण करण्यात यावे.’ दोघातिघांना वाचून दाखवलं. एक जण म्हणाला, “मॅडम, मग नॉब कुठाय?” त्याला वाटलं तापमान कमी-जास्त करायचंय. त्याचं काय चुकलं? ‘नियंत्रक’ आणि ‘संनियंत्रण’ एका ओळीत आले की दुसरं काय वाटणार! शब्द सुचवा.

निवृत्त मास्तर
ताई, ‘संनियंत्रण’ हा सरकारी टिपणीतला शब्द. ‘योजनेचे संनियंत्रण व मूल्यमापन’ इथपर्यंत तो खपतो, कारण तिथे नुसतं पाहिलं की नियंत्रणही केलं हे कोणी विचारत नाही. यंत्राच्या बाबतीत विचारतात.

बाकीचे पर्यायही तपासून घ्या. देखरेख असते कामावर किंवा माणसांवर. पाळत संशयितावर. निरीक्षण म्हणजे पाहून नोंद करणं, पण त्यात ‘सतत’ येत नाही. साधं ‘लक्ष ठेवणे’ घ्या. दुधावर ठेवतो तसं. लक्ष ठेवल्याने दूध थांबत नाही, गॅस बंद करणं हे वेगळं काम.

रेग्युलेटरला मात्र ‘नियंत्रक’पेक्षा ‘नियामक’ बरा : ठरल्या नियमात ठेवणारा. अडचण एवढीच की ‘विद्युत नियामक’ म्हटलं की वीजदर ठरवणारा आयोग आठवतो.

सोल्डरगन
मास्तर, ‘नियामक’ अर्थाने चोख, पण टेबलावर सगळे ‘रेग्युलेटर’च म्हणतात, तोच राहू द्या. फक्त एक वाक्य जोडा, कारण पोरांच्या डोक्यात पंख्याचा रेग्युलेटर असतो. पंख्याचा फिरवला की वेग बदलतो. हा उलट : गाडी चालू असताना १४ व्होल्टच्या आसपास येवो की स्टार्टर मारताना दाब खाली बसो, हा पलीकडे ५ व्होल्टच धरून ठेवायला बघतो.

‘चकती’ मात्र काढाच. चकती गोल असते. गोल असतो तो सिलिकॉनचा वेफर, आणि त्यातून कापलेला चौकोनी तुकडा म्हणजे चिप. (वेफर आणि चिप दोन्ही बटाट्याचे, हा योगायोग वर्गात हमखास हशा पिकवतो.) आमच्याकडे बाहेरच्या काळ्या पायवाल्या किड्याला ‘आयसी’ म्हणतात आणि आतल्या सिलिकॉनला ‘चिप’. हा भेद पुस्तिकेत पाळा, कारण सगळी भानगड तिथेच आहे.

हिशेब बघा. १४ व्होल्ट आत, ५ बाहेर, मध्ये ९ जिरवायचे. प्रवाह ०.२ अँपिअर. ९ गुणिले ०.२ म्हणजे १.८ वॅट, सगळी उष्णता. साधा लिनिअर रेग्युलेटर जास्तीचा दाब असाच जाळतो. बोर्डावर बसवलेल्या आयसीची चिप दर वॅटला समजा ४० अंशांनी तापते. म्हणजे ७२ अंश वाढ. बॉनेटखाली हवाच ८५ अंश असेल तर चिप १५७ वर. बऱ्याच आयसींची कमाल मर्यादा १५० असते.

आता ही १५७ दिसणार कशी? मागे एका बोर्डावर आमच्या पोराने इन्फ्रारेड गन (न शिवता तापमान दाखवणारी) धरली. गन म्हणाली ९४. गनचा ठिपका आयसीपेक्षा मोठा, म्हणजे शेजारच्या बोर्डाची सरासरीही आत आली. मग थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, चिकटवलं, तर ११८. त्याची तार जाड, तीच उष्णता ओढून नेत होती. त्या आयसीला तापमान सांगणारी स्वतंत्र पिन होती. तिच्यावरचं व्होल्टेज मोजून डेटाशीटच्या (कंपनीच्या माहितीपत्रकाच्या) आलेखावर ठेवलं तर १३४. आयसी एक, आकडे तीन. म्हणून ‘आयसीचं तापमान’ आणि ‘चिपचं तापमान’ हे शब्द वेगळेच हवेत.

निवृत्त मास्तर
अशी पिन नसेल तर?

सोल्डरगन
मग डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग. सिलिकॉन डायोडवरचं व्होल्टेज दर अंशाला साधारण २ मिलीव्होल्टने उतरतं. बऱ्याच पिनांच्या आत संरक्षणासाठी डायोड असतोच. त्यातून अगदी बारीक प्रवाह सोडायचा आणि व्होल्टेज मोजायचं. आधी आयसी बंद ठेवून ओव्हनमध्ये दोन-तीन तापमानांना वाचन घेऊन ठेवायचं, म्हणजे पट्टी तयार. याला मी ‘चिपलाच तापमापक करणं’ म्हणतो.

भाषांतरवाली
मूळ मजकुरात चिपमधल्या सांध्यासाठी ‘जंक्शन’ शब्दही आहे. मसुद्यात त्याचं ‘संधी तापमान’ केलंय.

निवृत्त मास्तर
भौतिकशास्त्रात ‘संधी’ म्हणजे सांधा, हे बरोबरच. पण ‘संधी १५० अंशांच्या पुढे गेल्यास’ हे वाचून मुलं नोकरीचीच संधी गेली समजतील.

सोल्डरगन
आणि ‘जंक्शन’ म्हटलं की मनमाड. तरी जंक्शनच ठेवा, डेटाशीटमध्ये तेच दिसणार आहे.

गॅरेजवाला
मला एक कळेना. आमच्याकडं अशी केस येते की गाडी गरम झाली की मीटर मरतो, दहा मिनिटं उभी केली की आपोआप चालू. ते ह्यातलंच का?

सोल्डरगन
असू शकतं दादा, पण आधी अर्थिंग आणि कनेक्टर बघा, निम्म्या वेळा तिथेच सापडतं. आयसी फार तापून स्वतःला बंद करते तेव्हा तिचा उंबरठा बहुधा १५० ते १७५ च्या दरम्यान असतो, आणि दहा-वीस अंश उतरली की ती पुन्हा सुरू होते. इस्त्रीतला थर्मोस्टॅट टकटक करतो तसं. चिप इवलीशी, पटकन निवते. त्यामुळे ही बंद-चालू दहा मिनिटांनी होण्यापेक्षा भराभर होताना जास्त दिसते.

ताई, तुमच्या शब्दासाठी हाच मुद्दा आहे. पिन नुसतं सांगते. बंद होणं ही आयसीची स्वतःची कृती. मसुद्यातल्या ‘संनियंत्रणा’त दोन्ही मिसळलंय.

भाषांतरवाली
मग असं लिहिते : ‘रेग्युलेटर चालू असताना चिपच्या तापमानावर लक्ष ठेवा. तापमान पिनेवरील व्होल्टेजवरून काढा, आयसीला बाहेरून मोजून नव्हे.’ आणि आपोआप बंद होण्याला? ‘औष्णिक स्थगिती’ लिहिलंय.

गॅरेजवाला
स्थगिती कोर्टाची असते. ट्रिप झाली म्हणा की.

निवृत्त मास्तर
‘तापून ट्रिप होणे’. माझी हरकत नाही.