स्प्री, मास, सिरियल: जोशी-अभ्यंकर प्रकरण नेमकं कुठल्या खणात बसतं?

वैदेही_मानेवाडा

नमस्कार. मी नागपुरात न्यायसहायक विज्ञान शिकते, या सत्रात गुन्हेगारी मानसशास्त्राचा पेपर आहे. नोट्समध्ये तीन व्याख्या आहेत. एकाच ठिकाणी, एकाच वेळी चार किंवा जास्त बळी: मास मर्डर. दोन किंवा जास्त ठिकाणी, मध्ये खंड न पडता: स्प्री. दोन खुनांच्या मध्ये 'कूलिंग ऑफ', म्हणजे शांत होण्याचा, काळ गेला तर सिरियल. पाठ झालंय, अडचण ती नाही.

अडचण अशी की हा कूलिंग ऑफ काळ किती, हे कोणीच सांगत नाही. चार तास? चार दिवस? रूममेट म्हणते झोप झाली की काळ संपला, म्हणजे रात्री खून करून सकाळी उठून परत केला तर सिरियल! मी पुण्याचं जोशी-अभ्यंकर प्रकरण घेऊन बसवून पाहिलं. जानेवारी १९७६ मध्ये एक (मारणाऱ्या पोरांचाच कॉलेजचा मित्र), ३१ ऑक्टोबरला जोशींच्या घरी तीन, १ डिसेंबरला अभ्यंकरांच्या बंगल्यात पाच, मार्च १९७७ मध्ये आणखी एक. एकूण दहा. अभ्यंकरांचं घर एकटं घेतलं तर मास, सगळं मिळून सिरियल, आणि ऑक्टोबर-डिसेंबर एवढंच पाहिलं तर मला तर ते स्प्रीसारखंच वाटतं.

दुसरं म्हणजे, या तीन प्रकारच्या खुन्यांची मानसिकता खरंच वेगवेगळी असते, की हा सगळा मोजणीचा खेळ आहे?

संत्रा_मार्केट

अजी काहाले येवढा किस पाडून राह्यले? मानूस मारला तं मारला. एक मारो का दहा, लटकवा अन् मोकये व्हा. खनात टाकाले ते काय लोनचं आहे का?

सिव्हिललाइन्स_वकील

संत्राभाऊ, लटकवायचं की नाही हे ठरवतानाच खण लागतो. तिथे येतोच, दम धरा.

वैदेही, तासांचा आकडा शोधू नकोस, मिळणार नाही. २००५ मध्ये एफबीआयने सॅन अँटोनिओला तज्ज्ञांची परिषद भरवली, तिथेही घोडं इथेच अडलं. कूलिंग ऑफ म्हणजे किती यावर एकमत होईना. शेवटी त्यांनी स्प्री हा प्रकार तपासाच्या कामाचा नाही म्हणून बाजूला काढला आणि सिरियलची व्याख्या सुटसुटीत केली: त्याच गुन्हेगाराने किंवा गुन्हेगारांनी वेगवेगळ्या घटनांत दोन किंवा अधिक माणसं मारणं. २००८ मध्ये तो अहवाल आला. बळींच्या आकड्याचंही तेच. मास म्हणजे चार असं वर्षानुवर्षं चाललं, मग अमेरिकेतच जानेवारी २०१३ मध्ये जो कायदा लागू झाला त्यात तीनवर आलं. म्हणजे तुझ्या उदाहरणातलं जोशींचं घर एका व्याख्येत बसतं, दुसऱ्या व्याख्येत बसत नाही. मारणाऱ्यांच्या डोक्यात तेवढ्याने काय फरक पडला?

माझं म्हणणं एवढंच आहे की घड्याळाकडे बघू नये. दोन खुनांच्या मधल्या वेळात तो माणूस काय करत होता, ते बघावं.

सिरियलवाला मधल्या काळात आपल्या आयुष्यात परत जातो. कामावर जातो, लग्नाला जातो, शेजाऱ्याच्या मुलाला टपलीत मारतो. मासवाल्याला मधला काळच नाही. स्प्रीवाल्याला मधला काळ असतो, पण परत जायला घर उरलेलं नसतं, पहिल्या खुनातच त्याने ते जाळलेलं असतं. अमेरिकेतला कुनानन बघ. २७ एप्रिल १९९७ ला मिनियापोलिसला पहिला खून, १५ जुलैला मायामीत फॅशन डिझायनर वर्साचेचा, एकूण पाच. अडीच महिन्यांहून जास्त काळ. तासांच्या हिशेबाने कोणीही सिरियल म्हणेल, तरी बरेच अभ्यासक त्याला स्प्रीत घालतात. कारण त्या अडीच महिन्यांत तो परत कोणाचा शेजारी किंवा मित्र झालाच नाही. नुसता पळत होता, आणि पळताना मारत होता.

पोलिसांच्या बाजूने हाच फरक वेगळा दिसतो, आणि पेपरात हे लिहिलंस तर तपासणाऱ्याला बरं वाटेल. मासमध्ये मारणारा कोण आणि कुठे, दोन्ही बहुधा लगेच कळतं. स्प्रीमध्ये कोण ते कळलेलं असतं, कुठे आहे ते शोधायचं असतं: नाकाबंदी, फोटो, रेल्वे स्टेशन. सिरियलमध्ये कोण हेच माहीत नसतं, कित्येकदा हे सगळे खून एकाचेच आहेत हेही नाही. अपवाद आहेतच. २००२ चे वॉशिंग्टनचे स्नायपर घे, तीन आठवड्यांत दहा बळी आणि शेवटपर्यंत कोण ते माहीत नाही. म्हणून त्यांच्यावरून अजून भांडणं चालतात.

माझ्या वकिलीतला एक किस्सा, ओळख लागू नये म्हणून गाव-नातं बदलून. पक्षकार मधल्या वयाचा, शेतीच्या वाटणीवरून चुलत्याच्या घरी खून करून दुसऱ्या गावी मेहुण्याकडे निघालेला. वर्धा रोडच्या जेलात भेटायला गेलो, विचारलं, मधल्या रस्त्यात काय केलंस? म्हणाला, सायकल पंक्चर झाली. मग? ढकलत नेली. दुकान बंद होतं का? नाही, उघडं होतं, ओळखीचाच होता पंक्चरवाला, त्याने हाकही मारली. मग थांबला का नाहीस? यावर माझ्याकडे असा पाहत राहिला की जसं मीच काही येड्यासारखं विचारलं. त्या सात-आठ किलोमीटरांत त्याच्या लेखी सायकल दुरुस्त करण्याजोगा उद्या नव्हता. (मेहुणा घरी नव्हता, म्हणून वाचला.)

याउलट तुझ्या पुण्याच्या प्रकरणात पहिला खून आणि जोशींचं घर यांत साडेनऊ महिने. त्या काळात ही पोरं त्याच शहरात उजळ माथ्याने फिरत होती. म्हणून ते सिरियल, लुटीसाठी केलेलं. आत एकेका रात्रीचं मास आहे, पण तो घटनेचा आकार झाला, गुन्हेगाराचा प्रकार नाही. हा भेद धरलास की तुझं कोडं सुटतं.

आता स्प्री. परदेशात कशाला जायचं? एलएलबीचा प्रत्येक पोरगा 'मच्छीसिंग विरुद्ध पंजाब राज्य' पाठ करतो, फाशीच्या निकषांसाठी. पण त्यात घडलं काय ते कोणी वाचत नाही. ऑगस्ट १९७७, पंजाब. एका कुटुंबाशी वैर. मच्छीसिंग आणि त्याचे साथीदार एका रात्रीत पाच गावांत गेले आणि त्या कुटुंबाचे नातेवाईक म्हणून १७ माणसं मारली, बायका-पोरांसकट. गाव, मग पुढचं गाव, मग पुढचं. स्प्रीचं याहून सरळ उदाहरण आपल्याकडच्या निवाड्यांत मला तरी माहीत नाही.

आणि संत्राभाऊ, खण इथे लागतो. आपल्या कायद्यात स्प्री, मास, सिरियल असं काहीच नाही. आधी भारतीय दंड संहितेचं कलम ३०२, आता भारतीय न्याय संहितेचं १०३, खून म्हणजे खून. पण १९८० च्या बच्चनसिंग निवाड्यापासून फाशी फक्त दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणात, आणि १९८३ च्या मच्छीसिंगमध्ये कोर्टाने ते ओळखायचे पाच निकष दिले. त्यातला एक गुन्ह्याची व्याप्ती: कुटुंबातले सगळे किंवा जवळजवळ सगळे मारले, किंवा एखाद्या जातीची, वस्तीची पुष्कळ माणसं मारली तर. म्हणजे मास हा शब्द न घेता मास आत आलंच. मच्छीसिंगची फाशी कायम झाली. योगायोग असा की जोशी-अभ्यंकरवाले चौघे येरवड्यात लटकले तेही १९८३ मध्येच, २७ नोव्हेंबरला.

डॉ_कोराडीरोड

मनोविकारतज्ज्ञ आहे, इथेच नागपुरात प्रॅक्टिस करते. वकीलसाहेबांची 'मधल्या वेळात काय केलं' ही कसोटी मला आवडली. मच्छीसिंगबद्दल मात्र पटलं नाही. वेळेचा आकार स्प्रीचा आहे, मन स्प्रीचं नाही. डझनभर माणसं यादी घेऊन निघतात, वैऱ्याचं कूळ संपवतात, ही भाऊबंदकी आहे, बंदुका घेतलेली. स्प्रीमध्ये बळी वाटेत सापडत जातात. १९५८ मध्ये नेब्रास्कात स्टार्कवेदर नावाच्या १९ वर्षांच्या पोराने आधी मैत्रिणीच्या घरचे मारले, मग पळताना गाडीसाठी, आसऱ्यासाठी जो आडवा आला तो. घरातले खून रागाचे आणि पुढचे पळण्याचे. तुमच्या सायकलवाल्यालाही दोनच माणसं हवी होती. त्याला मी उशिरा पूर्ण होणारा मास म्हणेन.

वैदेही, तुझा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. खण आणि निदान एक समजू नकोस. मुंबईचा रामन राघव सिरियल होता आणि त्याला गंभीर स्किझोफ्रेनिया होता, म्हणून फाशीची जन्मठेप झाली. जोशी-अभ्यंकरमधले आरोपीही सिरियल, आणि त्यांच्यात तसलं काही नव्हतं. एकच खण, आतली माणसं पूर्ण वेगळी.

मासबद्दल सगळ्यांत मोठा गैरसमज म्हणजे 'डोकं फिरलं आणि करून बसला'. बहुतेकांचं तसं नसतं. वर्षानुवर्षं जपलेली तक्रार असते, आपलं वाटोळं दुसऱ्यांनी केलं ही खात्री असते, मग नोकरी, लग्न, इज्जत यांतलं काहीतरी हातचं जातं, आणि तयारी तर त्याच्या आधीच सुरू झालेली असते. बरेचजण आधी बोलूनही दाखवतात. टेक्सासच्या व्हिटमनने मार्च १९६६ मध्ये विद्यापीठातल्या मनोविकारतज्ज्ञाला सांगितलं होतं की टॉवरवर जाऊन रायफलने लोकांना मारावंसं वाटतं. १ ऑगस्टला त्याने तेच केलं, त्याआधी रात्रीत आई आणि बायको. चिठ्ठीत लिहून ठेवलं की माझं शवविच्छेदन करा, मेंदूत काही बिघाड आहे का बघा. गाठ सापडली. पण तिच्यामुळेच हे झालं असं चौकशी समितीलाही ठामपणे म्हणता आलं नाही. मला विचारशील तर त्या गाठीपेक्षा मार्चमधलं ते बोलणं जास्त उपयोगाचं.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ पार्क डाएट्झने १९८६ मध्ये मासचे तीन प्रकार पाडले: कुटुंब संपवणारा, कमांडोचं सोंग घेणारा, आणि सापळा लावून निघून जाणारा, म्हणजे बॉम्ब, आग, विष. शाळा-मॉलमध्ये गोळीबार करणारा दुसरा प्रकार टीव्हीवर दिसतो म्हणून तुम्हा मुलांना तोच माहीत. आपल्याकडे पेपर उघडला की पहिला दिसतो. 'कर्जाला कंटाळून पत्नी व मुलांना संपवून आत्महत्या', आतल्या पानावर, दोन कॉलम. त्याला कोणी मास मर्डर म्हणत नाही, 'बिचारा' म्हणतात. त्या माणसाच्या मनात बायको-मुलं ही स्वतंत्र माणसं नसतातच, त्याच्याच अंगाचा भाग असतात. मी गेल्यावर यांचं काय होईल, हा प्रश्न तो त्यांना विचारत नाही, त्यांच्या वतीने उत्तर देऊन टाकतो. काहींत खोल डिप्रेशन असतं, काहींत नुसता मालकी हक्क. माझ्याकडे कुणी 'मी गेलो तर पोरांचे हाल होतील' असं म्हणालं, तर मी पुढचा प्रश्न पोरांबद्दल विचारते.

सिव्हिललाइन्स_वकील

डॉक्टरीणबाई, मच्छीसिंगवर तुमचा मुद्दा मान्य, पण अर्धाच. यादी घेऊन निघाले तरी चौथ्या गावात पोचेपर्यंत यादी कोणाच्या लक्षात असते? सायकलवाला मात्र मी सोडत नाही.

कुटुंबवाल्यांबद्दल एक भर. आरोपीच मेला तर खटला चालतच नाही. पोलीस 'अबेटेड समरी', म्हणजे आरोपी मेल्याने प्रकरण संपलं असा अहवाल, पाठवतात आणि फाईल बंद. त्यामुळे त्या माणसाच्या मनात काय होतं यावर कोणी साक्ष देत नाही, उलटतपासणी होत नाही, निवाडा नाही. अभ्यासाला कागदच उरत नाही. आरोपी जिवंत राहिला तर उलटं: दंड संहितेचं कलम ८४, आता न्याय संहितेचं २२, वेडेपणाचा बचाव. त्यात बघतात एवढंच की कृत्याच्या वेळी मनाच्या विकारामुळे आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे कळण्याची कुवत त्याला होती का. तुमचं डिप्रेशन तिथे पोचत नाही.

संत्रा_मार्केट

बरं मंग अक्कू यादव कोन्या खनात? आमच्या कस्तुरबानगरच्या बाजूचं मानूस होतं ते.

सिव्हिललाइन्स_वकील

कुठल्याच नाही. गुंड होता तो, दहशत हाच धंदा. धंद्यासाठी मारणाऱ्याचे बळी कितीही झाले तरी त्याला या तीन खणांत बहुतेक अभ्यासक घालत नाहीत. १३ ऑगस्ट २००४ ला आमच्या जिल्हा न्यायालयात जमावाने त्याला मारलं, ते तर आणखीच निराळं. त्यावर वेगळा धागा काढा, मी लिहीन.

वैदेही_मानेवाडा

ताई, दादा, खूप आभार. मग पेपरात स्प्री लिहू की नको? आमच्या सरांच्या नोट्समध्ये २००५ चा उल्लेखच नाही.

डॉ_कोराडीरोड

लिही. आधी सरांची व्याख्या, मग २००५ मध्ये ती का टाकून दिली ते. आणि ऑर्गनाइज्ड-डिसऑर्गनाइज्ड (आखून मारणारे आणि विस्कळीतपणे मारणारे) असे दोन रकाने नोट्समध्ये असतील तर त्याखाली हेही लिही की मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कँटरने २००४ मध्ये शंभर अमेरिकन सिरियल खुन्यांची माहिती तपासली, तेव्हा असे दोन स्वच्छ गट निघाले नाहीत.

सिव्हिललाइन्स_वकील

आणि मच्छीसिंग मुळातून वाच. निवाड्यांच्या संग्रहातला संदर्भ: एआयआर १९८३ सुप्रीम कोर्ट ९५७. निकष शेवटी आहेत, ते सगळेच वाचतात. आधी पाचही घटना क्रमांक देऊन सांगितल्या आहेत, त्या वाच आणि डॉक्टरीणबाई बरोबर की मी, ते इथे येऊन सांग.