०डब्ल्यू-१६ ऑइल पाण्यासारखं पातळ, आपल्या उन्हात चालेल का?

माणदेशी: नवी पेट्रोल हॅचबॅक घेतलीय. पुस्तिकेत इंजिन ऑइल ०डब्ल्यू-१६ लिहिलंय. मिस्त्री म्हणतो, "हे थंडीतल्या देशांचं. आटपाडीच्या उन्हात इंजिन खाईल, २०डब्ल्यू-५० टाकू." रोज विट्याला येणं-जाणं आहे. काय करू? पातळ ऑइलनं ॲव्हरेज खरंच वाढतं?

तेलकट_हात: ऑइल ब्लेंडिंग प्लांटच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढली, म्हणून सांगतो. बाहेर ४२ असो की १२, थर्मोस्टॅट कूलंट ९० च्या आसपासच धरतो. मिस्त्रीचं ऊन तिथं फारसं पोचत नाही.

नुसतं पातळ ऑइल कोणीही बनवेल. कसब आहे ते फिल्म (धातूंमधला ऑइलचा पातळ थर) टिकवण्यात. १५० अंशांवर जोरात रगडून जाडी मोजतात, तिला एचटीएचएस म्हणतात. १६ ग्रेडला (०डब्ल्यू-१६ मधला शेवटचा आकडा, लहान तितकं गरम इंजिनात पातळ) किमान २.३, २० ला २.६. बेअरिंग ऑइलवर तरंगतं, तिथं पातळ म्हणजे कमी ओढ, तेवढं पेट्रोल वाचलं. पण कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा) आणि पिस्टन वरच्या टोकाला पोचतो तिथं धातूला धातू भिडतो, पातळपणा नडतो. म्हणून मॉलिब्डेनमचं संयुग घालतात. घासणाऱ्या जागीच त्याचा मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा निसरडा थर बनतो. झीज रोखायला झिंकवालं झेडडीडीपी असतं, पण त्यातला फॉस्फरस धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडवतो, म्हणून या ग्रेडमध्ये ०.०८ टक्क्यांवर जाता येत नाही. एवढ्यात सगळं बसवताना आमच्या केमिस्ट लोकांचे केस पिकायचे.

फायदा? टक्का-दोन टक्के. टायरमध्ये हवा कमी असली तर तो तिथंच गेला.

गॅरेजवाला_सांगली: फक्त हे कारचं ऑइल बायकमध्ये ओतू नका! पोरं ॲव्हरेजच्या नादानं ओततात आणि क्लच स्लिप घेऊन येतात. बायकचा क्लच ऑइलमध्येच बुडलेला असतो, त्याला घर्षण हवंच. डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ बघा. एमबी स्कूटरसाठी, तिचा क्लच कोरडा असतो.

माणदेशी: आणि वडिलांची जुनी डिझेल जीप? तिलाही हेच टाकू?

तेलकट_हात: अजिबात नको, तिला तिच्या पुस्तिकेतलंच. तुमच्या कारला मात्र ०डब्ल्यू-१६ च. डब्यावर एपीआय एसपी आणि आयएलसॅक जीएफ-६बी ही दर्जाची चिन्हं असू देत, नाहीतर त्यापुढचं एसक्यू, जीएफ-७बी. आणि मिस्त्रीला म्हणावं, वॉरंटीत वाद झाला तर कंपनी आधी ऑइलचं बिल मागते.