पी-रॅम सिलॅबसमधून काढा म्हणणाऱ्यायले माझं उत्तर

पऱ्हाटी:
काल एकानं लिहिलं का पी-रॅम (पुष्कळ प्रोसेसर एकाच सामाईक मेमरीवर संगंच काम करते, असं मानलेलं कॉम्प्युटरचं मॉडेल) म्हणजे नुसता कागदावरचा खेळ, अशी मशीन जगात कुठंच नाही, सिलॅबसमधून काढून टाका. रातभर तेच डोक्यात फिरून राह्यलं म्हणून लिहून राह्यलो. अरे भाऊ, फॉर्च्यून आन् वायली यायनं १९७८ मध्ये हे मॉडेल मांडलं ते काही मशीन विकाले नाही. लागन तेवढे प्रोसेसर, मेमरी एक, कोणताही पत्ता एका पायरीत, एवढं मानलं का एकच प्रश्न उरते, या कामात कोण कोणासाठी खोळंबून राह्यलं?

१६ गाठोड्यायचं वजन घ्या, चालती बेरीज (पहिलं, पहिले दोन, पहिले तीन, असं शेवटपावतर) काढाची आहे. एकट्यानं १५ बेरजा. सगळ्यायनं संगंच दर पायरीले दुप्पट अंतरावरचं (१, २, ४, ८ मागचं) मिळवत गेलं तं ४ पायऱ्या, पण बेरजा ४९. जोड्याजोड्यायच्या बेरजा करत झाडासारखं वर जाऊन खाली आलं तं ७ पायऱ्या, बेरजा २६. आता तुमच्याजवळ कोअर (चिपमधले प्रोसेसर) चारच आहे, म्हणजे एका फेरीत चारच बेरजा. दुप्पटवाल्या रीतीले १३ फेऱ्या, झाडवालीले ९. जे ४ पायऱ्यांत उडी मारत होतं तेच मागं पडलं ना! एकूण काम भागिले प्रोसेसर, त्यात पायऱ्या मिळवा, वेळ त्याच्या वर जात नाही, हे ब्रेंटनं १९७४ मध्येच दाखवलं. मशीन न उघडता एवढं कळते, आन् तुम्ही म्हणता काढून टाका?

आर्वीकर:
ते कालचं मीच लिहिलं, आन् अजूनही तेच म्हणतो. तुमच्या ९ फेऱ्या मेमरी फुकट धरून आहेत. मी ८ थ्रेडचे (थ्रेड म्हणजे प्रोग्रॅमचा इतरांसोबत एकाच वेळी चालणारा भाग) ८ काउंटर एका अ‍ॅरेत शेजारीशेजारी ठेवले होते, प्रत्येक थ्रेड फक्त आपलाच काउंटर वाढवतो, कोणी कोणाच्या वाटेला जात नाही, तरी एका थ्रेडपेक्षा स्लो. दोन दिवस लॉक (एकाचं होईपर्यंत दुसऱ्याला थांबवणारं कुलूप) शोधत बसलो, लॉक होताच कुठं? ८ बाइटचे ८ काउंटर म्हणजे ६४ बाइट, बरोबर एक कॅश लाइन (कोअर आपल्याजवळच्या छोट्या मेमरीत एकदम आणतो तो तुकडा), आणि ती लाइन या कोअरकडून त्या कोअरकडे ओढल्या जात होती. प्रत्येकाला वेगळी लाइन दिली तेव्हा सुटलं. पी-रॅममध्ये याचं नावनिशाण आहे का? व्हॅलियंटनं १९९० मध्ये बीएसपी, म्हणजे मेसेज पाठवायचा आणि एकमेकांसाठी थांबायचा खर्च मोजणारं मॉडेल, उगाच मांडलं का? आपल्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर साहेब, त्यांचा १९९१ चा परम ८००० सुपरकॉम्प्युटर सुद्धा एका मेमरीवर नव्हता, ट्रान्सप्युटर (आपापली मेमरी असलेले प्रोसेसर) एकमेकांना मेसेज पाठवत होते.

धुरकरी:
तुम्ही दोघंही वावरात या. २० बाया वेचणीले लावल्या, काटा एक. संध्याकाळी धुऱ्यावर रांग. ४० लावल्या तं वेचणी लवकर होते पण रांग दुप्पट. अ‍ॅमडालनं १९६७ मध्ये हेच सांगतलं, कामाचा दहावा हिस्सा एकामागं एकच होत असन तं कितीही माणसं लावा, दहापटीच्या वर जात नाही.

पऱ्हाटी:
मंग दुसरा काटा आणा ना. आन् ४० बाया कोणी दोन एकराले लावत नाही, वावर मोठं असते म्हणूनच लावते. गुस्ताफसन १९८८ मध्ये तेच म्हणे.

धुरकरी:
दुसरा काटा आणा म्हणे! माझी माय किलोवर वेचे. मालक सकाळी दंवातच वेचाले लावे आन् संध्याकाळी कापूस ओला म्हणून गाठोड्यामागं किलोभर कापे. दोन काटे ठेवले आन् दोन्हीचं वजन वेगळं आलं तं खरं कोणतं, हे कोण ठरवन? मालकच ना? कधी कमरेले ओटी बांधली का तुम्ही?

आर्वीकर:
मायचं दुःख खरं आहे भाऊ, पण इथली चर्चा मेमरीची आहे. काटा बंद करा आता.

धुरकरी:
काहून बंद करू? काटा म्हणजेच तुमची मेमरी! एका वेळी एकच गाठोडं चढते. दोन कोअरजवळ एकाच पत्त्याची वेगळी किंमत असली तं तुम्हीच बोंबलता ना?

पऱ्हाटी:
बांधली ओटी मी, पाचवीपासून बांधली, कोणाले विचारून राह्यला बे? त्याच वावरातलं सांगतो. २० बाया आपापल्या तासात. एकीले साप दिसला, ओरडली, सगळ्यायले एकदम कळलं. तिघी संगंच ओरडल्या तरी शब्द एकच, घोळ नाही. एकाच जागी सगळ्यायनं एकदम तेच लिहाची मुभा असली का 'कोणाले दिसलं का' हे एका पायरीत निघते. ती मुभा काढा, मंग प्रोसेसर कितीही लावा, लॉग एनच्या पटीत (एन म्हणजे किती जणायले विचाराचं; एन दुप्पट झाला का पायऱ्या थोड्याच वाढते) पायऱ्या लागतेच. कुक, ड्वॉर्क आन् रायशुक यायनं १९८६ मध्ये सिद्ध केलं. कोणती कॅश लाइन बदलल्यानं हे बदलन सांगा.

आर्वीकर:
ठीक. सापाचं पटलं, तेवढंच. फ्लॅग (हो-नाहीची खूण) मीही तसाच लिहितो, पण आधी वाचून पाहतो, सेट असेल तर लिहीत नाही, नाहीतर लाइन पुन्हा ओढल्या जाते. हे वाचून पाहणं तुमचं मॉडेल शिकवत नाही, माझ्या त्या दोन दिवसांनी शिकवलं. सिलॅबसमध्ये ठेवायचं तर ठेवा, पण त्याच आठवड्यात लॅबमध्ये ते आठ काउंटर पोट्ट्यांकडून चालवून घ्या.

पऱ्हाटी:
चालवून घेऊ. त्याले मी कधी नाही म्हटलं?

धुरकरी:
आन् दंवातल्या वेचणीचा किलो कोणाच्या खात्यात गेला, ते कोणीच बोललं नाही.