डब्यावरचे हिरवे पान पुरेसे नाही

लोण्याऐवजी पावाला लावायचा कोणताही वनस्पतिजन्य स्प्रेड घेतला तरी चालतो, असे म्हटले जाते; हे मत मला अपुरे वाटते. लोण्यात १०० ग्रॅममागे साधारण ५० ग्रॅम संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारी चरबी) असतो हे खरे. परंतु स्प्रेडला घट्टपणा यावा म्हणून त्यात बरेचदा पाम किंवा खोबरेल तेल घातलेले असते, आणि खोबरेल तेलात तर संपृक्त मेदाचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक असते. वडिलांचे कोलेस्टेरॉल वाढले तेव्हा मी दोन डबे शेजारी ठेवून त्यांची लेबले वाचली. पुढे दोहोंवर हिरवे पान होते, मागे मात्र एकात १०० ग्रॅममागे १२ ग्रॅम संपृक्त मेद होता, तर दुसऱ्यात ३८. आकडा 'प्रति सर्व्हिंग' (एका वेळी खायच्या प्रमाणामागचा) नव्हे, तर १०० ग्रॅममागचाच पाहावा, कारण सर्व्हिंग प्रत्येक उत्पादक आपल्या सोयीने ठरवू शकतो.