फ्लू झालाय, बाळाला अंगावर पाजू का?

चिऊची_आई: बाळ अडीच महिन्यांचं, मला कालपासून फ्लू, ताप १०२, सासूबाई म्हणतात अंगावरचं बंद कर, डब्याचं दे, इकडे छाती दगडासारखी झालीय आणि ती रडतेय, काय करू?

मोगरा: अगं बंद नको करूस! फ्लू दुधातून नाही जात, खोकल्या-शिंकेतून जातो, उलट दुधातल्या अँटीबॉडीज तिला मिळतात. मास्क लाव, घेण्याआधी २० सेकंद साबणाने हात धू.

दोन_लेकरांची: मी कोविडमध्ये असंच पाजलं, डब्ल्यूएचओनेही तेच सांगितलेलं. उठवत नसेल तर दूध काढून दे, सासूबाई वाटी-चमच्याने पाजतील. पॅरासिटामॉल चालतं, ॲस्पिरिन नको.

मोगरा: आणि तिला १००.४ ताप आला तर रात्र असली तरी लगेच डॉक्टरकडे ने, इतक्या लहान बाळाला घरी ठेवू नकोस गं.