कातळावरच्या शेवाळात मलेरियाचं औषध सापडेल का?

मालवणची_मुलगी
एमेस्सी बॉटनीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लहानपणी आजोबांना मलेरिया झालेला, चार गोधड्या टाकल्या तरी खाट हलायची, ते अजून डोळ्यांसमोर येतं. आता प्रोजेक्टला विषय हवाय आणि ओहोटीला कातळ उघडा पडला की लाल, हिरवं, तपकिरी इतकं शेवाळ दिसतं, सरगॅसम तर ढिगाने, तर त्यात मलेरियावर काही शोधता येईल का? की नुसतं ऐकायला बरं?

लॅबवाला
खरंच काम झालंय गं यावर. फिजीमधलं कॅलोफायकस सेरॅटस हे लाल शेवाळ, त्यातून अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या ज्युलिया क्युबानेक यांच्या टीमने ब्रोमोफायकोलाइड नावाची द्रव्यं वेगळी केली. शेवाळाला ती बुरशीपासून वाचवतात आणि लॅबमध्ये मलेरियाचा परजीवीही मारतात. तो आपल्या रक्तपेशीत बसून हिमोग्लोबिन खातो, उरलेलं हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोहाचा भाग, त्याला विषारी म्हणून त्याचे खडे करून ठेवतो, हे द्रव्य ते खडेच होऊ देत नाही, क्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाचंही असंच. पण अजून याची गोळी झालेली नाही. द्रव्य मिळतं थोडं, आणि माणसाच्या पेशींना अपाय होत नाही हेही दाखवावं लागतं.
तू गोळा करणं, ओळख पटवणं, सावलीत वाळवून मेथॅनॉलमध्ये अर्क काढणं एवढं नीट कर. परजीवीवरची टेस्ट कॉलेजात होणार नाही, तो माणसाच्या रक्तात वाढवावा लागतो, त्यासाठी मलेरियावर काम करणाऱ्या लॅबला आत्ताच मेल टाक.

खडपावरचो
गो बाय, अमावास्या-पुनवेच्या उधाणाची ओहोटी बघून जा, तेव्हाच खालचो कातळ दिसता. पावस सरल्यावर शेवाळ चांगला येता. खरवडू नको, वरच्यावर काप, बूड रवलां तर परत येतला. आणि मालवणचो समुद्र १९८७ पासून अभयारण्य आसा, आधी वनखात्याची परवानगी घे. कालवां काढणाऱ्या बायकांका विचार, कुठल्या खडपार काय वाढता ता त्यांका पाठ.

मालवणची_मुलगी
थँक्यू दादा, काका! काकू विचारतेय याचा काढा करून ताप उतरेल का.

लॅबवाला
अजिबात नको. अर्क चालला तरी काढा चालतो असं नाही, ताप आला की आधी रक्त तपासायचं. आणि प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर हे लिही, मलेरियाच्या परजीवीच्या आत एपिकोप्लास्ट नावाचा एक अवयव आहे, तो मुळात लाल शेवाळाकडूनच आलेला, प्रकाशसंश्लेषण कधीच सुटलं पण त्याच्याशिवाय परजीवी जगत नाही, डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी त्यालाच धरते. मला हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री झोप लागली नव्हती.

मालवणची_मुलगी
दादा, हे सरांना उद्याच दाखवते. परवानगीचा अर्जही लिहायला घेतलाय.